दार न उघडताच

"मामा, काचेचं मशीनच गेलंय याचं. नवीन टाकावं लागतंय." दाराचं पॅड काढलं नाही, आत डोकावून पाहिलं नाही. गॅरेजवाल्यानं हँडल एकदा फिरवलं अन् निकाल दिला. ते अजून डोक्यातून जात नाही.

गाडी मारुती 800. हे मॉडेल 1983 ला आलं, 2014 च्या जानेवारीत बनायचं थांबलं. आमच्या वालूरसारख्या गावात मात्र अजून कामाला येतं. आमच्या गाडीला एसी नाही. त्यामुळे मे महिन्यात काच अडकली की काय होतं, हे परभणीकडच्या माणसाला सांगायला नको. पुण्याचे पाहुणे आमची चक्राकार बारव बघायला आले होते. गावानं श्रमदानातून गाळ उपसलेली बारव बघून माणसं हरखली. पण सेलू स्टेशनला सोडायला जाताना डावीकडची काच दोन हातांनी जोर लावूनही खाली येईना.

गॅरेजला ती आधीही दाखवली होती. दर वेळी काच सरकते त्या रबरी चॅनलमध्ये ऑइल सोडायचे. आठ-दहा दिवस काच पळायची, पुन्हा जाम. आणि आता थेट नवीन मशीन!

मी गाडी घरी आणली. हँडलच्या मागं सुती फडकं घालून इकडून तिकडं ओढलं की आतली नालेच्या आकाराची क्लिप निसटते. तिच्यावर हात धरायचा, नाहीतर ती उडून हरवते. आर्मरेस्टचे स्क्रू, मग पॅड, मग आतला प्लास्टिकचा कागद. काच मशीनपासून सोडवली, वर टेकवून ठेवली आणि हँडल नुसतंच फिरवून पाहिलं. एका बोटानं फिरलं! मशीनला काहीही झालेलं नव्हतं. मग काच हातानं सरकवली, तर ती जागची हलेना. दोष सगळा चॅनलचा. आमच्या काळ्या रानाची धूळ आणि ते ऑइल कालवून आत सरकीच्या पेंडीसारखा थर बसला होता. तेलानं रबरही फुगलेलं. म्हणजे जे उपाय म्हणून करत होते, त्यानंच आजार वाढत होता. एवढं कळायला दार उघडण्यापलीकडं काय लागत होतं?

पट्टीला फडकं गुंडाळून, साबणाच्या पाण्यानं चॅनल पुसून काढलं. वाळल्यावर सिलिकॉन स्प्रे. ग्रीस फक्त मशीनच्या दात्यांना, रबराला कधीच नाही. दाराच्या खालची पाणी निघायची भोकंही तारेनं मोकळी केली. ती बुजली की पाणी साचून पत्रा आतून सडतो. प्लास्टिकचा कागद फाटका म्हणून फेकू नका, पावसाळ्यात पॅड तोच वाचवतो.

तरी एक आहे. या कामात सगळी दुपार गेली. गॅरेजवाल्यानं तेवढ्या वेळाची मजुरी मागितली, तर "नुसतं पुसायचे एवढे?" म्हणणारीच गिऱ्हाइकं जास्त. नवीन पार्ट टाकला की बिल कुणाला खटकत नाही. त्यानं तरी काय करावं? इंजिनाचं काम मी आजही त्याच्याकडेच नेतो, तिथं त्याचा हात धरणारा दुसरा नाही. पण काचेचं नाव काढलं की राग येतोच.

आता उजवी काच कुरकुरायला लागली आहे. तिचं पॅड काढण्याआधी नव्या क्लिपा आणून ठेवायच्या आहेत, जुन्या हमखास तुटतात.