सही चालत नाही का?

बहिणीला दिवस गेले तेव्हाच ठरलं होतं, बाळंतपणाला आईने जर्मनीला जायचं. आई गेली काही वर्षं माझ्याकडे कोलकात्यात असते. बहिणीचं निमंत्रणपत्र आलं, विमा काढला, बँकेचे कागद जुळवले. आदल्या रात्री आईने जेवणाच्या टेबलाशी बसून अर्जावर सह्या केल्या. सही करताना ती अजून ओठ हलवते. शेवटी नावातला रफार देते, पेन खाली ठेवते आणि लिहिलेलं एकदा वाचून बघते.

शेंगेन व्हिसासाठी दहाही बोटांचे ठसे लागतात. आधी एका हाताची चार बोटं, मग दुसऱ्या हाताची चार, शेवटी दोन्ही अंगठे. शाई नसते, खालून उजेड येणारी काच असते. काउंटरवरची मुलगी आईला ‘माशीमा’ म्हणत होती. तिने दाखवलं तशी आईने उजव्या हाताची चार बोटं काचेवर टेकवली. पडद्यावर चार करडे डाग उमटले आणि पुसले गेले. ‘आर एक बार, माशीमा.’ पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच.

मला वाटलं, आता आई घाबरेल. तिने हात उचलला, बोटं केसांच्या मुळाशी फिरवली आणि परत काचेवर ठेवली. मुलगी बघत राहिली. मला मात्र कळलं. सोलापूरला आमच्या वस्तीतल्या रेशन दुकानात हे नेहमीचं होतं. ‘अंगठा लागत नाही’ असं दुकानदार म्हणाला की बायका अंगठा केसांतून फिरवायच्या. तेलाने रेषा जरा उठतात.

आईने एकोणतीस वर्षं विड्या वळल्या. तेंदूची पानं भिजवायची, कात्रीने कापायची, चिमूटभर तंबाखू घालून वळायचं, दोरा बांधायचा, टोक बोटाने दाबून दुमडायचं. दिवसाला हजार विड्या. म्हणजे दिवसातून हजार वेळा तोच अंगठा आणि तेच शेजारचं बोट. लहानपणी तिने गालावरून हात फिरवला की कागद फिरल्यासारखा वाटायचा. सगळ्यांच्या आयांचे हात असेच असतात, असं मी धरून चालले होते.

पहिली बारा वर्षं ती मजुरीच्या वहीवर अंगठा उमटवायची. कारकून शाईचं पॅड पुढे सरकवायचा आणि वहीत काय लिहिलंय ते त्यालाच ठाऊक असायचं. मग 1992 साली वस्तीत साक्षरतेचा रात्रवर्ग निघाला. दिवसभर विड्या वळून आई रात्री पाटी घेऊन बसायची. सही यायला लागल्यावरच्या पहिल्या आठवड्याला तिने पॅड बाजूला सारलं, पेन मागितलं आणि सही करायच्या आधी वही स्वतःकडे फिरवली. ‘सहा हजार दिल्यात मी. इथं साडेपाच लिहिलंय.’ कारकुनाने आकडा दुरुस्त केला. ही गोष्ट तिने आम्हाला किती वेळा सांगितली असेल, त्याचा हिशेब नाही. अंगठाबहाद्दर हा शब्द आमच्या घरात कोणी हसण्यावारीसुद्धा वापरत नाही.

मुलगी साहेबांना बोलवायला गेली. आम्ही बाकावर बसलो. बोटांच्या ठशांचं हे सगळं प्रकरण याच प्रांतात सुरू झालं, हे मला माहीत होतं. 1858 साली जंगीपूरला विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या माणसाला रस्त्याच्या खडीचा ठेका दिला. करार कोनाईने स्वतःच्या हाताने बंगालीत लिहिला होता. तो सही करणार एवढ्यात हर्शेलने त्याला थांबवलं, तळहाताला शाई लावली आणि अख्खा पंजा कागदाच्या पाठीवर उमटवून घेतला. उद्या त्याने सही नाकारू नये, एवढ्यासाठी. पुढे 1897 मध्ये ठशांची कचेरी कोलकात्यातच निघाली. ठशांच्या वर्गीकरणाचं किचकट काम अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी केलं. पद्धतीला नाव लागलं त्यांचे वरिष्ठ एडवर्ड हेन्री यांचं. 1901 मध्ये ती लंडनला स्कॉटलंड यार्डात पोचली.

मला राहून राहून कोनाई आठवत होता. त्याला लिहिता येत होतं. पेन हातात होतं.

तेवढ्यात आईने मुलीला तिच्या हिंदीत विचारलं, ‘बेटी, साइन नहीं चलता क्या?’

मुलगी हसली. वाईट नव्हती हसली. म्हणाली, ‘साइन भी लगेगा माशीमा, उंगली भी.’

साहेब आले. त्यांनी ओल्या कागदाने आईची बोटं पुसली, एकेक बोट वरून दाबून धरलं. अर्ध्या तासात आठ बोटं लागली. उजवा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट काही केल्या लागेना. जितकी उमटतील तितकी घ्यायची, असा शेंगेनचा नियम आहे. साहेबांनी संगणकात शेरा टाकला.

‘काय लिहिलं त्यांनी?’ आईने मला विचारलं.

‘रेषा झिजल्यात म्हणून.’

‘विड्यांनी झिजल्यात, असं लिहिलं का?’

‘नाही. नुसतं झिजल्यात.’

‘लिहायचं की,’ ती म्हणाली.

मी ते साहेबांना सांगितलं नाही. मागे रांग होती, आणि त्यांच्या संगणकात तेवढी जागा असेल असं मला वाटलं नाही. अजूनही वाटतं, सांगायला हवं होतं.

मग मुलीने एक छापील कागद पुढे केला आणि खाली बोट ठेवलं, ‘यहाँ साइन.’ आईने पेन घेतलं, पण टेकवलं नाही. कागद इंग्रजीत होता. तिने तो माझ्याकडे फिरवला.

‘आधी वाच. काय लिहिलंय ते सांग.’

रांगेतल्या कोणीतरी घड्याळ बघितलं. मी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत सगळं वाचलं, मराठीत सांगितलं. तिने मान हलवली, ओठ हलवत सही केली, रफार दिला आणि पेन खाली ठेवून लिहिलेलं एकदा वाचून बघितलं.