वास्तूंचे क्षेत्रोपाध्ये

शिकागो नगरीत मिशिगन अव्हेन्यू नामक एक प्रशस्त राजमार्ग आहे. त्याच्या एका अंगास उद्यान व त्यापलीकडे समुद्रासारखे अफाट सरोवर. दुसऱ्या अंगास उंच इमारतींची रांग. आज जेथे आर्ट इन्स्टिट्यूट आहे त्याच वास्तूत १८९३ साली स्वामी विवेकानंदांनी सर्वधर्मपरिषद गाजविली, हे वाचकांस विदित असेलच. तेथून थोडे दक्षिणेस, रस्त्याच्या समोरील बाजूस, पांढऱ्या टेराकोटाने मढविलेली सतरा मजली सांता फे इमारत उभी आहे. २०१८ च्या उन्हाळ्यात चिरंजीवांकडे मुक्काम असता या इमारतीतील वास्तुदर्शकांबरोबर शहर हिंडण्याचा योग आला. ती मंडळी त्या वेळी बिऱ्हाड बदलण्याच्या तयारीत होती.

या दर्शकांना तेथे 'डोसेंट' म्हणतात. शब्द मूळ लॅटिन, अर्थ 'शिकविणारा'. म्हणजे आमच्याच पेशातले! वेतन मात्र कवडीचेही नाही. त्र्यंबकेश्वरी क्षेत्रोपाध्ये यात्रेकरूस एकेक कुंड दाखवितात, तसे हे एकेक इमारत दाखवितात. फरक इतकाच की, येथील दक्षिणा संस्थेच्या पेटीत पडते. कित्येकजण नोकरीतून निवृत्त झालेले, पण अभ्यास करून उत्तीर्ण झाल्यावाचून कोणासही यात्रेकरूंपुढे उभे करीत नाहीत. ही शिस्त मला फार आवडली.

संस्थेचा उगम एका घराच्या रक्षणात आहे. रिचर्डसन या थोर शिल्पकाराने बांधलेले ग्लेसनर यांचे दगडी घर पाडले जाण्याचा संभव दिसू लागला, तेव्हा १९६६ साली काही वास्तुशास्त्रज्ञ व नागरिक यांनी संस्था स्थापून ते विकत घेतले. १९७१ पासून दर्शक तयार होऊ लागले. परंतु सर्वच वास्तू वाचल्या नाहीत. सलिव्हनने उभारलेली स्टॉक एक्स्चेंजची इमारत १९७२ साली पाडली गेली आणि तिचे नक्षीकाम वाचवावयास आत गेलेला रिचर्ड निकेल हा छायाचित्रकार ढिगाऱ्याखाली सापडून मृत्यू पावला. आमच्या वयस्क दर्शकबाईंनी हे सांगताना आवाज इतका खाली आणला की, चौकातील गाड्यांचा गोंगाट एकाएकी मोठा वाटू लागला.

आता स्थलांतराचे. वॅकर ड्राइव्हवर, नदीकाठी, नवे केंद्र सिद्ध होत होते. ३१ ऑगस्ट २०१८ रोजी ते उघडले व संस्थेच्या नावातील 'फाउंडेशन' जाऊन 'सेंटर' आले. चार हजारांहून अधिक इमारतींची नगरप्रतिकृती तेथे मांडावयाची होती. नदीतून होणाऱ्या वास्तुदर्शनाच्या नौकांचा धक्काही अगदी समोर. अंतर म्हणाल तर जेमतेम पाऊण मैल. सामान हलविणे ही काही मोठी गोष्ट नव्हे.

अडचण होती ती पाठाची. सांता फेच्या दारातून निघावे, जॅक्सन रस्त्याने चार-पाच मिनिटे पश्चिमेस चालावे, की १८९१ ची मोनॅडनॉक इमारत येते. तिच्या जुन्या अर्ध्या भागाच्या विटांच्या भिंती तळाशी सुमारे सहा फूट जाड आहेत. सोळा मजल्यांचा भार त्याच पेलतात. ती जाडी एकदा हाताने चाचपली म्हणजे लोखंडी सांगाड्याने काय क्रांती केली हे निराळे समजावून द्यावे लागत नाही. नव्या दारातून निघाल्यास प्रथम दृष्टीस पडावयाची मीस व्हान डर रोह याच्या कार्यालयाची पोलाद-काचेची इमारत; म्हणजे उपसंहार आधी आणि प्रस्तावना मागाहून! शिवाय सांता फे ही बर्नहॅमची वास्तू. १९०९ चा सुप्रसिद्ध नगररचनेचा आराखडा तिच्याच छतावरील खोलीत तयार झाला. 'येथे, आपल्या डोक्यावर' असे म्हणण्याचे भाग्य नव्या जागेत कोठून येणार? मला विचाराल तर नफा मोठा, पण तोटाही खराच.

दुपारी बाई आम्हा दोघांस नव्या वाटेने घेऊन गेल्या. हातात घड्याळ व लहानशी वही. कोणत्या कोपऱ्यावर सावली आहे, कोठे वीस माणसे वाट न अडविता उभी राहतील, हे त्या टिपीत होत्या. पुलाशी वारा भणाणत होता. तेथे उभ्या राहून त्यांनी दहा मिनिटे पाठ म्हटला आणि ऐकू आले काय, असे विचारले.

"शेवटच्या बाकापर्यंत आले," मी म्हटले, "पण वाक्याचे शेवट वारा नेतो. नदीकडे पाठ करून उभ्या राहा."

त्यांनी ते वहीत लिहून घेतले व पहिल्यापासून पुन्हा आरंभ केला.