गॅसबत्तीचा हिशेब

गेल्या हिवाळ्यात अमरावतीत नाट्यसंगीताची एक मैफल होती. प्रवेश मोफत, प्रायोजकांची नावं मोठ्या बॅनरवर. अर्धा तास आधी जाऊन मी तिसऱ्या रांगेत बसलो. शेजारी एक निवृत्त गृहस्थ होते, स्वभावानं मोकळे. माझ्या दाढीकडे नि टोपीकडे एकदा पाहून त्यांनी विचारलं, "तुमाले ह्याच्यातलं समजते काय जी?"

विचारण्यात खोच नव्हती, कुतूहल होतं. मी "थोडंफार" म्हणालो आणि आम्ही दोघंही हसलो. पुढे दोन तास निवेदिका 'आपला अभिजात वारसा' असं म्हणत राहिल्या. पदं छान झाली. पण घरी येताना त्या गृहस्थांचा प्रश्न डोक्यातून जाईना. खरं उत्तर दोन शब्दांत मावणारं नव्हतं, म्हणून आज ते लिहून काढतो आहे.

अकोल्यात माझ्या दादाअब्बांचं गॅसबत्त्या भाड्यानं देण्याचं दुकान होतं. चोवीस बत्त्या, दोन शिड्या, एक हातगाडी आणि हाताखाली दोन पोरं. लग्न, उरूस, कीर्तन, गणपती, मोहर्रम, कुणाचंही काम असो, उजेड दादाअब्बांचा. पण सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक म्हणजे नाटक कंपनी. कंपनीचा मुक्काम पडला की पंधरा-पंधरा दिवस रोज बत्त्या लागायच्या.

कंपन्या वऱ्हाडात यायच्या त्या कापसासाठी. 1867 साली रेल्वे नागपूरपर्यंत पोचली आणि अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा ही ठाणी मुंबईशी जोडली गेली. कापसाच्या गाठी त्या वाटेनं बाहेर जायच्या, पैसा त्याच वाटेनं आत यायचा. त्याच्या मागोमाग नाटकवाल्यांचे पडदे, पेट्या आणि बिऱ्हाड. मोठ्या कंपनीत नट, वादक, आचारी, पडदे ओढणारे धरून शंभराच्या आसपास माणसं. नाटक असो वा नसो, दोन वेळा पंगत बसायचीच. म्हणून मुक्काम ठरवणारा व्यवस्थापक आधी गावातला कापसाचा भाव विचारायचा. भाव पडलेला असला की खुर्च्या रिकाम्या.

दादाअब्बांचा करार साधा होता. रात्रीचं भाडं ठरलेलं, नाटक कितीही चालो. पण संगीत नाटकात वन्समोअर असतात. लोकांना पद आवडलं की तेच पुन्हा, मग तिसऱ्यांदा. दहाला सुरू झालेलं नाटक पहाटे तीनला संपायचं. प्रत्येक वन्समोअरला रॉकेल जळायचं ते दादाअब्बांचं, मेंटल फुटलं तर तेही त्यांचंच. टाळ्या गायकाला, भुर्दंड बत्तीवाल्याला! शिवाय माइक नसायचा आणि बत्तीचा आवाज सूं-सूं चालू असायचा. गाणारा नट पडद्याआडून खुणा करायचा, ती पुढची बत्ती जरा मागे घ्या. मागे घेतली की खुर्चीवाले ओरडायचे, तोंड दिसत नाही. या ओढाताणीत दादाअब्बांनी तरुणपणची कितीतरी वर्षं काढली आणि शेकडो पदं त्यांना पाठ झाली. अर्थ विचारला तर म्हणायचे, "मतलब पंडितजी को पूछो, चाल मुझसे पूछो."

नाटक सुटलं की बत्त्या उतरवून, मोजून, हातगाडीवर चढवून ते तसेच फजरच्या नमाजला जायचे. वुजू करताना हाताची काजळी जाता जात नसे. दादीला हे गाणं-बजावणं अजिबात पसंत नव्हतं. दादाअब्बांचं उत्तर ठरलेलं असायचं, "मैं गाता नहीं, उजाला करता हूँ." दादीला ते पटलं असं मला कधी दिसलं नाही, पण त्या पैशावर घर चालत होतं हे तिलाही माहीत होतं.

मोठं झाल्यावर मी संगीत नाटकाबद्दल वाचायला लागलो, तेव्हा कळलं की आमच्या घराचा या धंद्याशी संबंध फक्त रॉकेलपुरता नव्हता. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलं. त्याआधी पुण्यात पारशी कंपनीच्या 'इंद्रसभा'चा बोलबाला झाला होता आणि असं काही मराठीत का होऊ नये, ही ईर्षा त्यामागे होती, असं नाट्येतिहास सांगतो. 'इंद्रसभा' हे लखनौच्या आगा हसन अमानत यांचं उर्दू संगीत नाटक. म्हणजे मराठी संगीत नाटकाच्या जन्मवेळी एक उर्दू नाटक शेजारच्या तंबूत गल्ला जमवत होतं. धंद्यातली स्पर्धाच ती! पण स्पर्धा करायची तर समोरच्याचं आधी नीट ऐकावं लागतं.

पुढची गोष्ट तर आमच्या वऱ्हाडाचीच. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर अकोल्यात शिकले. अकोला, तेल्हारा, खामगाव इथं त्यांनी वकिली केली. दिवसा कोर्ट, रात्री नाटक. किर्लोस्करांच्या पदांवर कीर्तनाची, साकी-दिंडीची छाप होती. कोल्हटकरांनी पारशी-उर्दू रंगभूमीवरच्या नव्या, खटकेबाज चाली मराठीत आणल्या. नाकं मुरडणारे तेव्हाही होते. पण लोकांनी त्या चाली उचलल्या आणि तिकिटं घेतली. राम गणेश गडकऱ्यांनी ज्यांना गुरू मानलं ते हेच वऱ्हाडी वकील.

अमरावतीचे वीर वामनराव जोशी हे दुसरे. राजकारणासाठी तुरुंगात जाणारा माणूस. त्यांची 'राक्षसी महत्त्वाकांक्षा' केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्शनं गाजवली, तर 1927 साली 'रणदुंदुभी' दीनानाथ मंगेशकरांच्या बळवंत संगीत मंडळीनं आणली. चाली वझेबुवांच्या, आणि वझेबुवा ग्वाल्हेरच्या निसार हुसेन खाँसाहेबांकडे शिकलेले. नाटक पारतंत्र्याविरुद्ध, लेखणी अमरावतीच्या ब्राह्मणाची, सुरांची तालीम खाँसाहेबांची. त्या काळात हे कुणाला मुद्दाम सांगावं लागत नसे. पद रंगलं की नाही, एवढंच लोक पाहायचे.

गंधर्व नाटक मंडळीत तर हे रोज डोळ्यांसमोर दिसायचं. 1916 च्या 'स्वयंवर'च्या चाली भास्करबुवा बखल्यांच्या. बुवा शिकले ते फैज महंमद खाँ, नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ यांच्याकडे. रंगमंचापुढे साथीला तबल्यावर अहमदजान थिरकवा, सारंगीवर कादरबक्ष. थिरकवा मुरादाबादचे. पुढे 1970 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. इतका मोठा तबलजी एका मराठी नाटक कंपनीत पगारावर होता, कारण ती कंपनी तसा पगार देऊ शकत होती. बालगंधर्वांना साथीत, कपड्यांत, अत्तरात, कशातच कमी चालत नसे. त्यातून कर्ज लाखाच्या घरात गेलं, तेव्हा त्यांनी हात वर केले नाहीत. प्रयोगामागून प्रयोग करून ते फेडलं.

कर्ज फेडण्याची ही गोष्ट दादाअब्बा फार आदरानं सांगायचे, कारण त्यांचा स्वतःचा अनुभव वेगळा होता. त्यांचा नियम होता, भाडं तिसऱ्या अंकाआधी हातात पाहिजे, नाही तर बत्त्या खाली. एका कंपनीचा मुक्काम बुडत चालला होता. आधीच्या चार रात्रींचं भाडं राहिलेलं. शेवटच्या रात्री व्यवस्थापकानं पुन्हा उद्याचा वायदा केला. दादाअब्बांनी पोराला शिडीवर चढवलं. तेवढ्यात पद सुरू झालं. "गाना होने दे," म्हणून त्यांनी पोराला थांबवलं. पद संपलं, वन्समोअर आला, मग आणखी एक. नाटक संपेपर्यंत पोरगा शिडीवरच होता आणि बत्त्या जळत होत्या. सकाळी कंपनी स्टेशनवर, माल गाडीत. बावीस रुपये बुडाले. त्यांच्या उर्दूत लिहिलेल्या खातेवहीत ती नोंद मी स्वतः पाहिली आहे: 'नाटकवाले, बावीस, बाकी.'

मला ही गोष्ट बरेच दिवस रसिकतेची वाटत होती. ती वेगळी वाटायला लागली 1991 साली. तेव्हा मी अमरावतीत नोकरीला होतो. आम्ही पाच मित्रांनी बाहेरच्या एका संस्थेच्या संगीत नाटकाचा प्रयोग कॉन्ट्रॅक्टवर घेतला. ठरलेली रक्कम, वर हॉलचं भाडं, लॉज, जेवणं, जाहिरात. एकूण खर्च एकेचाळीस हजार. प्लॅन उघडला त्या दिवशी अकरा तिकिटं गेली. पास मागणारे मात्र रोज यायचे, त्यात पगारदार माणसंच जास्त. प्रयोगाच्या रात्री गल्ला मोजला, सव्वीस हजार. प्रत्येकाच्या वाट्याला तीन हजारांची खोट आली. माझा तेव्हाचा एका महिन्याचा पगारही तेवढा नव्हता.

नाटक मात्र रंगलं होतं. मी विंगेत उभा राहून ऐकलं आणि दुसऱ्या अंकातल्या एका पदाला खोट विसरलो. रात्री दीडला सामान भरताना त्यांचे तबलजी माझ्याजवळ आले. वयस्कर, मितभाषी, जेवायला आमच्याच घरी आलेले. म्हणाले, "मास्तर, माझी नाईट इथं मिळणार नाही म्हणतात, तिकडे गेल्यावर पाहू म्हणतात. मागच्या तीन प्रयोगांचीही राहिली आहे. मला इथूनच पुढे गावी जायचं आहे. गाडीभाड्यापुरते द्याल का?" आम्ही संस्थेचे पैसे चुकते केले होते, मग यांचे का राहावेत? व्यवस्थापकाला विचारलं, तर तो म्हणाला, हा आमचा अंतर्गत मामला आहे. मी खिशात होते ते दोनशे रुपये दिले. त्यांनी ते मोजले नाहीत.

सकाळी अब्बांना सगळं सांगितलं. तीन हजारांबद्दल ते काही बोलले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "बत्तीवाले के दिए? तबलेवाले के दिए?" तेव्हा मला ते बावीस रुपये समजले. दादाअब्बांनी पदासाठी पोराला थांबवलं होतं, हे खरं. पण वहीत त्यांनी 'माफ' लिहिलं नाही, 'बाकी' लिहिलं. गाणं आवडलं म्हणून हिशेब मिटत नाही.

म्हणून संगीत नाटकाच्या धंद्याची खोटी आरती मला करायची नाही. त्यात बुडवणारे होते, राबणारे उपाशी राहत होते. तरीही एक गोष्ट मला त्या धंद्याच्या बाजूची वाटते. गल्ला भरायचा तर गावातला प्रत्येक माणूस हवा असायचा. खुर्चीवर वकील-सावकार आणि जमिनीवर हमाल-विणकर, पण मांडव एकच. चाल चांगली असेल तर ती लखनौची असो की ग्वाल्हेरची, हवी असायची. हात चांगला असेल तर तो मुरादाबादहून आणला जायचा.

गोहर कर्नाटकी यांचंच पाहा. रेकॉर्ड ऐकून ऐकून बालगंधर्वांची गायकी त्यांनी गळ्यात उतरवली आणि 1938 मध्ये त्या गंधर्व मंडळीत आल्या. कंपनीला नायिका हवी होती, त्या नायिका झाल्या. 1951 मध्ये बालगंधर्वांनी त्यांच्याशी लग्न केलं, आणि अनेक रसिकांनी त्यांना आजतागायत माफ केलेलं नाही. बालगंधर्वांच्या पडत्या काळाचं, आजारपणाचं, गरिबीचं सगळं खापर या एका बाईवर फोडलेलं मी अजून ऐकतो. शेवटच्या वर्षांत पाय गेलेल्या त्या माणसाजवळ कोण होतं, हे मात्र कुणी विचारत नाही. गोहरबाई 1964 मध्ये गेल्या, बालगंधर्व 1967 मध्ये.

धंदा होता तोवर त्या नायिका होत्या. त्याचा वारसा झाला आणि त्या परक्या ठरल्या. वारसा म्हटलं की वारस कोण, हा प्रश्न आपसूक येतो. मग कागद काढले जातात, आडनावं पाहिली जातात. त्या संध्याकाळी निवेदिकेनं घेतलेल्या नावांत भास्करबुवा होते, पण त्यांचे उस्ताद नव्हते. बालगंधर्व होते, पण थिरकवा नव्हते. मुद्दाम गाळले असं मला वाटत नाही. कुणी वही उघडून पाहिली नाही, इतकंच.

मैफल संपल्यावर त्या शेजारच्या काकांना मी चहाला नेलं आणि दादाअब्बांच्या बत्त्यांची गोष्ट सांगितली. ते लक्ष देऊन ऐकत होते. मग म्हणाले, "माया बाप सांगे, अकोल्यात नाटक पाह्यलं तवा गॅसबत्त्याच होत्या." थोडा वेळ गप्प राहून पुढे म्हणाले, "त्या तुमच्याच असतीन मंग." असतील, मी म्हणालो. नसतीलही.

त्यानंतर महिनाभरानं एक संगीत नाटक लागलं, तिकीट लावून. आयोजकांपैकी एक जण माझा जुना विद्यार्थी, त्यानं दोन पास पाठवले. मी ते परत केले आणि खिडकीवर गेलो. खिडकीतल्या पोरानं माझ्याकडे नीट पाहिलंही नाही. "किती देऊ?" एवढंच त्यानं विचारलं.

"दोन," मी म्हणालो, आणि पैसे मोजून दिले.