जव्हार-वावरचा प्रवास व एका पेटीचा हिशेब

प्रवासवर्णन लिहिणाऱ्यानें आरंभीं आपल्या प्रवासाचें प्रयोजन सांगावें, अशी रीत आहे. आमचें प्रयोजन ऐकून वाचकांस हंसूं येईल. पण तें लपवून जव्हारच्या डोंगरांचें वर्णन करीत बसणें अप्रामाणिकपणाचें होईल. आम्ही गेल्या पौषांत नाशिकहून जव्हारास व तेथून वावर या गांवीं गेलों, तें घरांतला एक वाद चार दिवस तरी निवावा म्हणून. वाद होता एका पेटीचा.

ही पेटी म्हणजे काय, हें आमच्या वयाच्या वाचकांस सांगितलें पाहिजे. माणसाच्या उंचीचें एक लांकडी कपाट. त्यांत डोळ्यांसमोर येईल असा दूरदर्शनसारखा पडदा. त्याखालीं उतरत्या फळीवर एक दांडी व चार-सहा बटणें. आणि गुडघ्याजवळ नाणें टाकण्याची फट. १९७२ सालीं अमेरिकेंतील अटारी कंपनीनें 'पाँग' नांवाचा खेळ अशा कपाटांत घालून बाजारांत आणला. १९७८ मध्यें जपानांतील ताइतो कंपनीचा 'स्पेस इन्व्हेडर्स' व १९८० मध्यें नामको कंपनीचा 'पॅकमॅन' हे खेळ आले, आणि या पेट्यांचें वेड जगभर पसरलें. आपल्याकडे तें 'व्हिडिओ पार्लर' या नांवानें गल्लीबोळांत शिरलें. रुपया टाकावा, खेळावें, पडद्यावर मरावें, आणि पुन्हा रुपया शोधावा! १९९३ सालीं कॅपकॉम या जपानी कंपनीनें 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' नांवाचा खेळ काढला. त्यांत चार वीर होते; पैकीं मुस्तफा हा आमच्या मुलांस इतका आवडला कीं, खेळाचें मूळ नांव मागें पडून सगळीकडे त्यास 'मुस्तफा' म्हणूं लागले.

आम्ही त्या काळीं शाळेंत संस्कृत शिकवीत होतों. १९९६ च्या पावसाळ्यांत एके दिवशीं, शाळेचा शेवटचा तास चालू असतां, आमचे चिरंजीव अशाच एका दुकानांत आम्हांस सांपडले. वय वर्षें अकरा. भोंवतीं आमच्याच वर्गांतले पांच-सहा विद्यार्थी उभे होते. त्यांच्यादेखत आम्हीं त्याच्या थोबाडींत दिली व दंड धरून त्यास बाहेर ओढलें. त्याचा रुपया नुकताच यंत्रांत पडला होता. या प्रसंगाचा उच्चार त्यानें घरीं पुढें कधीं केला नाहीं. आम्हींही केला नाहीं.

आतां चिरंजीवांनीं चाळिशी गांठली आहे. सातपूरच्या एका कारखान्यांत ते अभियंता आहेत. गेल्या दिवाळींत त्यांनीं सर्वांसमक्ष जाहीर केलें कीं, जुन्या धर्तीची एक तयार पेटी घरीं आणावयाची आहे. किंमत पंचाऐशीं हजार, वाहतूक निराळी. घरांत एकदम दोन पक्ष पडले. नातवंडें व पुतण्ये पेटीच्या बाजूचे. सौभाग्यवती व धाकटे बंधु विरुद्ध. सूनबाई मौन धरून. आम्हीं "ही शुद्ध उधळपट्टी आहे" असा निकाल दिला. त्यावर चिरंजीव एवढेंच म्हणाले, "अण्णा, पैसे माझे आहेत." असें वाक्य आमच्या घरांत पूर्वीं कोणी उच्चारलें नव्हतें. त्यानंतर जेवणाच्या पंगतींत वाढणाऱ्याखेरीज कोणी बोलेना. अशा स्थितींत वावरकडील एका आश्रमशाळेंत शिक्षक असलेल्या आमच्या जुन्या विद्यार्थ्यानें येण्याचा आग्रह केला, आणि मोटार हांकण्यास चिरंजीवच हवे होते!

त्र्यंबकेश्वर मागें टाकलें म्हणजे तोरंगणचा घाट लागतो. पावसाळ्यांत या घाटांत ढग रस्त्यावर येऊन बसतात. पौषांत मात्र गवत पिवळें पडलेलें, सागाचीं पानें वाळून खडखडत असलेलीं, आणि खाचरांत भाताचीं नुसतीं धसकटें उरलेलीं. मोखाड्यास चहा घेतला. तेथून जव्हारपर्यंत उतारावर नागली-वरईचीं कापून झालेलीं शेतें दिसत होतीं. बापलेकांत बोलणें झालें तें "पुढें वळण आहे" एवढेंच.

जव्हार हें मुकणे घराण्याचें महादेव कोळी संस्थान, इ. स. १३४३ पासून त्याची गणना करतात. १९४८ सालीं तें विलीन झालें. जयविलास राजवाडा पाहिला, शिरपामाळावरही गेलों. १६६४ सालीं सुरतेवर जातांना शिवाजीमहाराजांचा मुक्काम येथें झाला व जव्हारच्या राजांनीं त्यांचें स्वागत केलें, असें सांगतात. माळावर वारा असा कीं टोपी हातांत धरून उभें राहावें लागलें. ठाणें जिल्ह्याचें विभाजन होऊन २०१४ च्या ऑगस्टांत पालघर जिल्हा झाला. कचेऱ्यांच्या पाट्यांवर तो पालट दिसतो, रस्त्यांवर तितका दिसला नाहीं.

दुसरे दिवशीं रामखिंडीस गेलों. जव्हार-मोखाडा भागांत बोहाड्याचा उत्सव होतो. देवदेवतांचे व राक्षसांचे मुखवटे घालून, संबळ-पिपाणीच्या तालावर, रात्रभर सोंगें नाचतात. कोणतें सोंग कोणत्या घरानें घ्यावयाचें हें पिढ्यान्पिढ्या ठरलेलें असतें. मुखवटे पूर्वीं लांकडाचे असत. आतां कागदाच्या लगद्याचेही करतात. आम्हांस दिवाणखान्यासाठीं एक घ्यावयाचा होता. कारागिरानें विचारलें, "नाचवायचा का टांगायचा?" आम्हीं म्हटलें, "टांगावयाचा." त्यानें मागच्या खोलींतून तयार मुखवट्यांचा ढीग आणला, रंग झगझगीत, डोळे रेखीव. चिरंजीवांची नजर मात्र कोपऱ्यांतल्या एका काळवंडलेल्या मुखवट्याकडे होती. तो नाचवावयाचा. त्याच्या आंत घामानें रंग उडाला होता, बांधण्याच्या दोऱ्या मळल्या होत्या, आणि डोळ्यांखालीं बाहेर पाहण्यास भोंक ठेवलें होतें. टांगावयाच्या मुखवट्यांस भोंक नव्हतें. "त्याला कशाला बघायचंय?" कारागीर म्हणाला. आम्हीं टांगावयाचाच घेतला. पण घेतांना थोडें ओशाळल्यासारखें झालें, हें कबूल केलें पाहिजे.

त्या रात्रीं मुक्कामावर आम्हींच विषय काढला. "कागद आण. तुझ्या पेटीचा हिशेब करूं," असें आम्ही म्हणालों. चिरंजीव क्षणभर पाहत राहिले, मग त्यांनीं वही काढली. त्यांत सगळें आधींच लिहिलेलें होतें.

तयार पेट्या दोन प्रकारच्या. एक परदेशी. अमेरिकेंत आर्केड-वन-अप नांवाच्या कंपनीनें २०१८ पासून लहान आकाराच्या पेट्या विकण्यास आरंभ केला. सुरुवातीस तेथें त्यांची किंमत सुमारें ३०० ते ४०० डॉलर होती. त्या मूळच्या पाऊण आकाराच्या, दाबीव भुशाच्या फळीच्या. घरीं आणून आपणच जोडावयाच्या. प्रौढ माणसास वांकून खेळावें लागूं नये म्हणून खालीं निराळा पाट मिळतो. खेळ थोडे, पण मालकांची रीतसर परवानगी घेतलेले. आपल्या दारापर्यंत येईतों भाडें व जकात मूळ किंमतीच्या उरावर बसते.

दुसरा प्रकार देशी. पंचाऐशीं हजारांची पेटी ती हीच. पूर्ण उंचीची, जाड प्लायवूडची, दोघांनीं खेळण्याजोगी, आणि आंत "पांच हजार खेळ". हा आंकडा ऐकून आम्हीं विचारलें, "पांच हजार खेळांच्या मालकांस विचारलें कोणी?" चिरंजीव म्हणाले, "नाहीं, अण्णा." १९९७ सालीं निकोला साल्मोरिया या इटालियन गृहस्थानें 'मेम' नांवाचा कार्यक्रम प्रसिद्ध केला; त्याच्या योगें जुन्या यंत्रांचे खेळ साध्या संगणकावर चालतात. हा कार्यक्रम फुकट व निर्दोष. पण त्यावर चालणारे खेळ बहुतेक आजही कोणाच्या तरी मालकीचे आहेत. पेटी विकणारा लांकडाचे, तारांचे व मजुरीचे पैसे घेतो आणि चोरीचा माल वर भेट देतो. पंचाऐशीं हजारांत आम्हांस सर्वांत जड वाटली ती ही भेट.

तिसरा मार्ग स्वतः करण्याचा. अठरा मिलिमीटर जाडीच्या, आठ फूट बाय चार फुटांच्या दोन फळ्या, २०१२ पासून मिळूं लागलेला 'रास्पबेरी पाय' हा तळहाताएवढा संगणक, दांड्या-बटणांचा संच, घरींच पडून असलेला पडदा, सुताराची मजुरी. चिरंजीवांची बेरीज अठ्ठावीस हजारांवर आली होती. आम्हीं त्यांत चुकांसाठीं पांच हजार वाढविले. सुतारकामांत पहिली फळी नेहमीं वायां जाते. त्याशिवाय दोन-तीन महिन्यांचे रविवार. ज्यास रविवार नाहींत, सुतार ओळखीचा नाहीं व तारा जोडण्याची हौस नाहीं, त्यानें तयार पेटी घ्यावी. बिघडल्यास बोलावण्यास कोणी तरी असतें, याची किंमत आहेच. आमच्या वाड्याचा जिना मात्र सव्वादोन फूट रुंद. अखंड पेटी माडीवर चढलीच नसती! इतके दिवस उधळपट्टीवर वाद घालणाऱ्या कुटुंबांत जिना मोजण्याचें कोणास सुचलें नव्हतें.

राहिला मुस्तफा. तो खेळ आज रीतसर विकत मिळत नाहीं, असें चिरंजीव म्हणाले. उपाय एकच: त्या काळच्या पेटींतील मूळ विद्युत्पट्टी जुन्या बाजारांत मिळाली तर घेणें. ती खरी, एकदां रीतसर विकली गेलेली वस्तु; एका पट्टीवर एकच खेळ. ती जुन्या फुगीर काचेच्या पडद्याशीं थेट जुळते. नव्या पडद्यास मधें एक रूपांतरक लागतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर चौकशी करावी, असें ठरलें. पांच हजार खेळांवरून आम्ही एका खेळावर आलों.

तिसरे दिवशीं वावर. हें नांव आम्हांस प्रथम वर्तमानपत्रांतून कळलें होतें. १९९२-९३ सालीं वावर-वांगणी या भागांत कुपोषणानें बालकें दगावलीं, आणि ज्या गांवांचीं नांवें जव्हारपलीकडे कोणास ठाऊक नव्हतीं तीं राज्यभर झालीं. त्याच काळांत नाशिकचीं मुलें मुस्तफावर रुपया-रुपया टाकूं लागलीं होतीं. त्या वेळीं आम्हीं वर्गांत वर्गणी जमवून पाठविली होती. किती जमली तें आठवत नाहीं.

गांवांत कित्येक घरांस नुसती कडी होती. दिवाळीनंतर माणसें वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर जातात, तीं पावसाच्या तोंडाशीं परततात. आमचा विद्यार्थी म्हणाला, "गुरुजी, शाळा आहे, पोषण आहार आहे, पण आईबाप भट्टीवर निघाले कीं धाकटीं भावंडें सांभाळायला मूल बरोबर जातं. पटावर नांव राहतं." शाळेंत राहणाऱ्या मुलांस मात्र बरें जेवण मिळत होतें. दुपारीं त्यांच्या पंगतींत बसून आम्हींही वरणभात जेवलों.

जेवणानंतर मुलांनीं चिरंजीवांस घेरलें. वहींतलें चित्र एकानें पाहिलें होतें. तेव्हां त्यांनीं फळ्यावर पेटी काढून दाखविली. दांडी, बटणें, नाण्याची फट. एका लहानग्यानें विचारलें, "न् रुपया नाय टाकला तं?"

"मग तो खेळ आपला आपणच चालतो," चिरंजीव म्हणाले. "मुस्तफा स्वतःच लढतो, आपण नुसतं बघत उभं राहायचं. मी वर्षभर तसाच बघत उभा राहायचो. माझ्याकडे रुपया एकदांच आला."

मुलें पांगलीं. आम्हीं विचारलें, "कोठून आला होता?" हा प्रश्न आम्हीं १९९६ सालींच विचारावयास हवा होता. चिरंजीव फळा पुसत होते, न वळतां म्हणाले, "अण्णा, तुम्हीच दिला होता. त्या दिवशीं सकाळीं रामरक्षा न अडखळतां म्हटली, म्हणून."

आम्हांस तें आठवलें. रुपया देतांना "खाऊ घे" असें आम्ही म्हणालों होतों.

परततांना जव्हारांत एका सुताराकडे थांबलों. दारें-खिडक्या करणारा माणूस. त्यानें चित्र उलटेंसुलटें करून पाहिलें, खालचा व वरचा असे दोन भाग निराळे करून बोल्टांनीं जोडण्याचें त्यानेंच सुचविलें, आणि फळ्या नाशिकहून घेऊन फाल्गुनापूर्वीं या, असें सांगितलें. फाल्गुनांत त्याच्या घरचें बोहाड्याचें सोंग असतें. माप लिहून घेतांना त्यानें गुडघ्याजवळच्या फटीवर पेन्सील टेंकवली.

"ती नको," चिरंजीव म्हणाले. "घरचंच यंत्र, नाणं कोण टाकणार?"

"फट कापावी," आम्ही म्हणालों, "आणि रुपया जाईल एवढी." खिशांतून रुपयाचें नाणें काढून आम्हीं सुताराच्या हातावर ठेवलें, म्हणजे त्याचें माप चुकूं नये.