उगारलेला हात



नवनगरला आमचा धर्मशिक्षणाचा वर्ग सुटताना मी प्रत्येक मुलाच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतो. एका रविवारी मी हात वर केला आणि समोरच्या मुलाने झटकन कोपर आडवे धरून तोंड झाकले. बाकीची मुले हसली. मला हसू आले नाही. लहानपणी वडिलांचा हात उठला की मीही असेच कोपर धरत असे.

याच मुलाला मी वर्षभर ‘उद्धट’, ‘लक्ष नसलेला’ म्हणत आलो होतो.

सतत मार, अपमान किंवा हेळसांड सोसणाऱ्या मुलाचे मन कायम पहाऱ्यावर असते. झोप नीट लागत नाही, पाठांतर होत नाही, एकतर भडका उडतो नाहीतर तोंडाला कुलूप लागते. आपण त्याला खोडकरपणा म्हणतो. १९९८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने दाखवले की अशा बालपणाचा संबंध मोठेपणीच्या नैराश्याशी, व्यसनांशी आणि हृदयविकाराशीही असतो. आपल्या केंद्र सरकारच्या २००७ च्या पाहणीत तर दर तीन मुलांपैकी दोघांनी मार खाल्ल्याचे आढळले.

आपल्या लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये वडिलांच्या सोवळ्याच्या वेडाची हकिगत सांगितली आहे. १८५७ च्या धामधुमीत नात्यात झालेल्या एका फाशीचा धक्का त्यांच्या मनाने घेतला. पुढे मीठसुद्धा धुतल्याशिवाय घरात चालेना, आणि त्याचा जाच बायकोमुलांनी सोसला. जखम एकाची, भोग दुसऱ्यांचे. माझे वडीलही त्यांच्या वडिलांच्या हाताखाली असेच वाढले होते, हे मला फार उशिरा कळले. कळल्यावर राग निवळला, पण मार योग्य होता असे मी आजही म्हणणार नाही.

आपल्यात नीतिसूत्रांतली छडी चटकन आठवते. पण मेंढपाळाची काठी मेंढराला बडवायला नसते, लांडग्याला हाकलायला असते. म्हणूनच स्तोत्रकर्त्याला तिचा धीर वाटतो. संत पौलानेही बापांना बजावले आहे की मुलांना चिडीस आणू नका, त्यांचे मन खचेल. आणि येशूने मुलांना जवळ बोलावले, तेव्हा दटावले ते शिष्यांना.

मग आपण काय करावे? ‘तुला झालंय तरी काय?’ असे खेकसण्याऐवजी ‘बाळा, तुझ्या बाबतीत काय घडलं?’ असे विचारावे आणि उत्तराची घाई करू नये. दुखावलेल्याला ‘क्षमा कर, विसरून जा’ असे लगेच सांगू नये. आधी त्याला सुरक्षित करावे. मूल संकटात असेल तर १०९८ वर फोन करावा. लैंगिक अत्याचार असेल, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे कळवणे बंधनकारक आहे. चर्चची अब्रू म्हणून झाकणे हे पाप आहे. मनाच्या उपचारासाठी धारवाडची डिमहान्स संस्था आपल्याला जवळ आहे. तिथे जाण्याने विश्वास कमी होत नाही.

त्या मुलाच्या आईशी मी बोललो. वाट लांब आहे. आता मी आशीर्वाद देताना आधी खाली बसतो, तळहात उघडा ठेवतो आणि थांबतो. मागच्या रविवारी त्याने स्वतःच डोके पुढे केले.

प्रभू येशू, तुझ्या हातांवर खिळ्यांचे व्रण आहेत, तरी ते कोणावर उगारलेले नाहीत. आमचे हात तसे कर. आमेन.