कॉन्टेसाचं दुसरं इंजिन

आमच्या घरी कॉन्टेसा होती असं सांगितलं, की ऐकणारा आधी आमच्या घराकडे बघायचा आणि मग आमच्या तोंडाकडे. त्याचंही चुकत नव्हतं. जुन्या जालन्यात दोन खोल्या, पुढं पत्र्याची पडवी, अंगणात लिंबाचं झाड आणि त्या झाडाखाली ही सेठ लोकांची गाडी. पण ती सेठनंच दिलेली होती. अब्बांनी एका जिनिंगवाल्या सेठकडे एकोणीस वर्षं ड्रायव्हरकी केली. जिनिंग बंद पडली, थकलेला पगार काही निघेना, तेव्हा सेठनं गाडीची चावी अब्बांच्या हातावर ठेवली. अब्बा म्हणाले, "पगार तो गया, सवारी तो मिली." अम्मीच्या लेखी मात्र ती अंगणात उभी केलेली उधारी होती.

कॉन्टेसा दिसायला मोठी रुबाबदार. हिंदुस्थान मोटर्सनं ती १९८४ मध्ये आणली, विलायतेतल्या व्हॉक्सहॉल व्हिक्टर गाडीच्या सांगाड्यावर. लांब बॉनेट, रुंद छाती, लोक तिला पिक्चरमधली गाडी म्हणायचे. आत मात्र सुरुवातीला अ‍ॅम्बॅसेडरच्याच जातीचं १४८९ सीसीचं इंजिन होतं, ताकद जेमतेम पन्नास घोड्यांची. पैलवानाच्या अंगात आजारी माणसाचा जीव. पुढं कंपनीनं इसुझूचं १८१७ सीसीचं इंजिन आणि पाच गिअरचा गिअरबॉक्स बसवला, तेव्हा कुठं त्या अंगाला शोभेल असा दम आला. २००२ मध्ये गाडी बंदच झाली. आमची १९८६ ची, म्हणजे आजारी जीवाची. तिच्या क्रँकनं २००५ मध्ये दगा दिला आणि ती लिंबाखाली कायमची बसली. कोंबड्या तिच्या खाली अंडी घालू लागल्या.

२००६ मध्ये अम्मीचे गुर्दे निकामी झाल्याचं निदान झालं. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, तेही तेव्हाच्या औरंगाबादला, म्हणजे जाऊन येऊन सव्वाशे किलोमीटर. काळी-पिवळीत चौदा माणसं कोंबलेली असायची. जाताना एकवेळ चालायचं. येताना अम्मीचं बीपी उतरलेलं, पायात गोळे, तोंडाला कोरड, आणि शेजारी कोणाचं तरी पोर नाहीतर पाटीतली भाजी. एकदा बदनापूरला ती सीटवरून घसरून पडली. खास गाडी करावी तर महिन्यात आठ-नऊ खेपा, एवढा पैसा आणायचा कुठून? कॉन्टेसाची मागची सीट मात्र दिवाणासारखी होती. अम्मी तिच्यावर पाय पसरून झोपू शकली असती. आम्हांला शर्यत लावायची नव्हती. आम्हांला ती सीट औरंगाबादला न्यायची होती.

आम्ही म्हणजे तिघं भावंडं. थोरला गॅरेजात शागिर्दी करून मिस्त्री झालेला, धाकटा कॉलेजात, आणि सगळ्यांत मोठी आपा, बारावी सायन्सला चांगल्या मार्कांनी पास होऊन घरी बसलेली.

जालना हे लोखंड वितळवणारं गाव. सळयांच्या कारखान्यांच्या भट्ट्यांसाठी कुठकुठलं भंगार ट्रक भरून येतं. तिथंच एका भंगारवाल्याकडे उलटलेली कॉन्टेसा क्लासिक आल्याची खबर थोरल्याला लागली. टपाचा चेंदामेंदा, पण इंजिन आणि गिअरबॉक्स शाबूत. आपाच्या सोन्याच्या बाळ्या गेल्या आणि इंजिन घरी आलं. बोअरवाल्याकडून लोखंडी तिकाटणं आणि चेनकप्पी मागून आणली. गॅरेजला जुम्म्याची सुट्टी असायची. चार जुम्म्यांत जुनं इंजिन बाहेर आणि नवं आत. गल्लीतली पोरं भिंतीवर रांगेनं बसून बघायची. बसवण्याची गोष्ट एवढीच. खरा तमाशा पुढच्या साडेतीन महिन्यांचा.

पहिल्याच दिवशी सेल्फ मारला तर तो "घुर्र" करून थांबायचा. तीनदा मारल्यावर जळका वास आला. चोकची तार इतकी तापली होती, की तिच्यावरचं प्लास्टिक वितळून सीटवर ठिबकलं. बघायला आलेल्या जाणकारांनी एकमतानं बॅटरीला दोष दिला. शेजारच्या ट्रॅक्टरची बॅटरी लावली, तरी तेच. आपा दाराच्या चौकटीत उभी होती. म्हणाली, "चोक की तार में करंट का क्या काम?" सगळे गप्प.

प्रश्न बरोबर होता. इंजिन रबराच्या फाउंडेशनवर बसतं, म्हणजे बॉडीपासून ते तसं तुटलेलंच. बॅटरीची निगेटिव्ह तार बॉडीला आणि सेल्फ इंजिनावर. सेल्फमधून गेलेल्या करंटला परत यायला इंजिन आणि बॉडी यांच्यामध्ये तांब्याची जाड पट्टी लागते. गॅरेजात तिला अर्थ म्हणतात. भंगारातून आलेल्या इंजिनाबरोबर ती आली नव्हती आणि जुनी सडून तुटली होती. मग करंटनं चोकच्या बारीक तारेतून वाट काढली. वेणीची नवी पट्टी दोन्हीकडे रंग खरवडून घट्ट आवळली आणि त्याच जुन्या बॅटरीवर इंजिन पहिल्या झटक्यात बोललं. कोंबड्या उडाल्या. अम्मी आतून ओरडली, "या अल्लाह, घर गिराया क्या रे?" त्या दिवसापासून आपाची वही सुरू झाली. तारीख, लक्षण, काय तपासलं, काय निघालं. अब्बांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, तेव्हा ती वही ते वाचून घ्यायचे.

दुसरं दुखणं तापण्याचं. पंधरा-वीस किलोमीटर झाले की काटा लालमध्ये. लोकांनी सल्ला दिला, थर्मोस्टॅट काढून फेका. आपल्याकडे हा सल्ला तापाच्या गोळीसारखा वाटला जातो. अब्बांनी तो मानला नाही. गाडी तापवली, बंद केली आणि रेडिएटरवर वरून खाली हात फिरवला. वर चटका, खालच्या कोपऱ्यात थंडगार. म्हणजे नळ्या बुजलेल्या. जालन्याच्या बोअरचं पाणी ज्यांनी प्यायलं आहे त्यांना वेगळं सांगायला नको. घागरीला पांढरे थर चढतात, ते रेडिएटरला सोडतील? इतकी वर्षं तेच पाणी टाकलेलं. शिवाय तो रेडिएटर पन्नास घोड्यांचा, आता इंजिन ऐंशीच्या वरचं. थंड करणारं अंग तेवढंच आणि तापणारं मोठं. टाक्या उघडून नळ्या सळईनं साफ करून घेतल्या, एक जादा ओळ बसवली, आणि पावसाचं पाणी पिंपात धरून तेच गाडीला ठेवलं. प्यायला बोअरचं आणि गाडीला पावसाचं, असा आमच्या घरचा न्याय होता.

पण सगळ्यांत जास्त छळलं ते थरथरीनं. गाडी साठला गेली की बुडाखालून भुणभुण सुरू व्हायची, मग सीट, मग आरसा, मग दातसुद्धा वाजायचे. पन्नासला काही नाही, साठला मरण. ज्या सीटसाठी एवढा खटाटोप केला, तीच सीट थरथरत होती. सुई टोचलेल्या हातानं अम्मी तिच्यावर कशी झोपणार होती? फाउंडेशन बदललं. टायर मागचे पुढं, पुढचे मागं केले. डेल्को फिरवून टायमिंग लावलं, पॉइंटचा गॅप बघितला. फरक शून्य.

याच दिवसांत पुण्याकडचा एक शौकीन गिऱ्हाईक आला. त्याला अशीच जुनी गाडी हवी होती आणि आकडा त्यानं बरा सांगितला. आम्ही रात्री हिशेब केला. त्या पैशात खास टॅक्सीच्या पाच महिन्यांच्या खेपा निघत होत्या. सहाव्या महिन्यात काय, हे कोणी मोठ्यानं विचारलं नाही. अम्मी म्हणाली, "बेच डालो, मेरे वास्ते कायको मरते?" अब्बा काही बोलले नाहीत. आपा म्हणाली, एक जुम्मा द्या.

त्या जुम्म्याला ती मागच्या सीटवर वही घेऊन बसली आणि थोरल्याला मंठा रोडला गाडी घ्यायला लावली. तिसऱ्या गिअरमध्ये साठ, चौथ्यात साठ, पाचव्यात साठ. तिन्ही वेळा थरथर तीच आणि तिथंच. मग साठला असताना न्यूट्रल करायला लावलं. इंजिन खाली बसलं, थरथर तशीच. तिनं वहीत लिहिलं ते आजही आहे: "इंजिन का कसूर नहीं." सरळ होतं. गिअर बदलला की इंजिनाचे फेरे बदलतात, पण साठच्या वेगाला गिअरबॉक्सच्या मागचे फेरे तेवढेच राहतात. म्हणजे रोग गिअरबॉक्सच्या मागे. चाकं तर अदलून बदलून पाहिलेली. उरला जॉइंट, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या आसापर्यंत जाणारा लांब शाफ्ट.

नवा गिअरबॉक्स जुन्यापेक्षा लांब, म्हणून हा शाफ्ट एका लेथवाल्याकडून कापून आखूड करून घेतला होता. घरी येऊन अब्बा पोतं अंथरून गाडीखाली सरकले. डोळ्यांनी दिसत नव्हतं, म्हणून एक हात पुढच्या क्रॉसवर आणि एक मागच्या क्रॉसवर ठेवून चाचपत राहिले. बराच वेळ गेला. मग खालूनच आवाज आला, "दोनों के कान एक सीध में नै हैं रे."

क्रॉस जोडलेला शाफ्ट तिरका फिरतो तेव्हा प्रत्येक फेऱ्यात दोनदा जलद आणि दोनदा मंद होतो. हे डोळ्यांना दिसत नाही. दुसऱ्या टोकाचा क्रॉस पहिल्याच्या सरळ रेषेत असेल, तर तो ही चढउतार भरून काढतो. रेषा चुकली, तर भरून काढण्याऐवजी भर घालतो. लेथवाल्यानं लांबी सुताएवढीही चुकवली नव्हती, पण टोक जरा फिरवून वेल्ड केलं होतं. शाफ्ट त्याच्यापुढं ठेवला, तर तो म्हणाला, "शाफ्ट तो गोल है, गोल में सीधा क्या और आडा क्या?" कारागीर वाईट नव्हता. त्यानं आयुष्यभर मोटारींचे शाफ्ट नव्हे, उसाच्या चरकाचे रूळ जोडले होते. दुसऱ्याकडे गेलो. आपानं घरूनच शाफ्टवर खडूची लांब रेघ मारून दिली होती. त्यानं तो कापला, दोन खाचांत आडवा ठेवला, रेघ जुळवली, आधी चार टाके मारले, फिरवून पाहिलं आणि मग पूर्ण वेल्ड केला. साठला गाडी गप्प झाली. ऐंशीला थोडी भुणभुण राहिली. ती राहू दिली, कारण अम्मीला घेऊन ऐंशीनं जायचंच नव्हतं.

बारीकसारीक कुरबुरी पुष्कळ होत्या. एक तेवढी सांगतो. अर्ध्या तासानं गाडी मिसिंग करून बंद पडायची आणि दहा मिनिटं थांबलं की आपोआप चालू. पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडलं की "फुस्स" करून हवा आत जायची. झाकणाचं बारीक भोक बुजलेलं, पेट्रोल कमी होईल तशी आत हवा शिरायला वाट नाही. टाचणीनं काम झालं.

कागदांचं काम टाचणीनं झालं नाही. इंजिनाचा नंबर बदलला, की मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची मंजुरी आणि आरसी बुकात नोंद लागते. भंगारातल्या गाडीचे कागद, खरेदीची पावती, विमा, तपासणी. चार-पाच चकरा झाल्या, पण नोंद झाली. इंजिन त्याच कंपनीच्या त्याच गाडीचं होतं, म्हणून सोपं गेलं. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं केरळच्या एका प्रकरणात, कंपनीच्या मूळ घडणीबाहेरचे बदल चालणार नाहीत असं सांगितलं. आता कोणी पोरगा असं काही करायचं म्हणत आला, तर आम्ही त्याला आधी आरटीओत पाठवतो, मग पान्याचं बोलतो.

अब्बांनी अट घातली होती, की गाडी तीनदा रिकामी औरंगाबादला जाऊन न थांबता परत आली पाहिजे, मगच अम्मी बसेल. तिसरी खेप झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. अम्मी उशी घेऊन मागं झोपली. येताना बदनापूर कधी गेलं ते तिला कळलंच नाही. घरी उतरताना म्हणाली, "उधारी वसूल हुई."

थोरल्याचं गॅरेज, धाकट्याचं कॉलेज, अब्बांचे डोळे तसे. मंगळवारी आणि शनिवारी गाडी नेणार कोण? आपानं लायसन्स काढलं. ओढणी डोक्यावरून घट्ट घेऊन, कॉन्टेसाचं ते मोठं स्टिअरिंग धरून ती सव्वादोन वर्षं अम्मीला नेत-आणत होती. रस्त्यात गाडी एकदाच थांबली, पंक्चरमुळे. चाकही तिनंच बदललं. हॉटेलातली माणसं चहाचे कप हातात धरून बघत राहिली, असं अम्मी प्रत्येकाला सांगायची. २००९ च्या हिवाळ्यात अम्मी गेली.

पुढच्या वर्षी आपाला एक रिश्ता आला. मुलाच्या मामूंनी चहा पिता पिता अंगणातल्या गाडीकडे बघून विचारलं, "सुना है लडकी गाडी चलाती?" अब्बा म्हणाले, "हौ. और जॉइंट भी देख लेती." तो रिश्ता पुढं गेला नाही. दुसरा अंबडकडून आला. त्यांनी गाडीबद्दल काहीच विचारलं नाही. त्यांच्याकडे जुना ट्रॅक्टर होता आणि त्याचा सेल्फ अडत होता, हे आम्हांला निकाहनंतर कळलं.