पोसोचे दगड

ग्रान कनारिया बेटाच्या विमानतळावरून दक्षिणेला निघालं की लवकरच पवनचक्क्या दिसू लागतात. उन्हाळ्यात ईशान्येचे व्यापारी वारे बेटाच्या कडेने वळताना इथे जास्तच जोर धरतात. म्हणून तर म्युनिकला नोकरी करणारा माझ्यासारखा पुणेकर रजा टाकून, विमानात विंडसर्फिंगच्या बोर्डाचं वेगळं भाडं भरून पोसो इस्किएर्दोला येतो. दाइदा आणि इबाया मोरेनो या जुळ्या बहिणींनी याच पाण्यात सराव करून लाटांवरच्या विंडसर्फिंगची जगज्जेतेपदं मिळवली. किनारा मात्र वाळूचा नाही, काळ्या ज्वालामुखी दगडांचा आहे.

त्या दुपारी वारा पस्तीस नॉटच्या आसपास होता. माझ्याकडचं सगळ्यात लहान, ३.७ चौरस मीटरचं शीड लावूनही हात भरून आले. फुटत्या लाटेने शीड पाण्याखाली दाबलं, डोलकाठी हातात धरायच्या बूमपाशी कडकन मोडली, आणि पुढच्या लाटांनी मला बोर्डासकट दगडांवर नेऊन सोडलं. मला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही.

शिडाच्या पारदर्शक मोनोफिल्मला हातभर चीर पडली होती. दिसायला सगळ्यात वाईट तीच, आणि तिचीच काळजी सगळ्यात कमी. गोड्या पाण्याने मीठ धुवायचं, वाळवायचं, अल्कोहोलने पुसायचं आणि दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावायची. पट्टीचे कोपरे गोल कापायचे, नाहीतर ते पाण्यात सुटू लागतात. खोलीच्या फरशीवर बसून मी हे उरकलं.

बोर्डाच्या नाकावर मात्र जेमतेम नखाएवढा टवका होता. गावातल्या एका शेडमध्ये बोर्ड दुरुस्त करणारे एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी शिडाकडे पाहिलंही नाही. कलिंगड पारखावं तसं नाण्याने बोर्डावर टकटक करत ते टवक्यापासून मागे सरकत गेले. एका जागी आवाज बद्द झाला. तिथे अंगठा दाबला, तर टवक्यातून पाण्याचा बुडबुडा आला.

"आत पाणी आहे," ते म्हणाले. "आज बंद केलं तर ते आतच राहील."

बोर्डाच्या पोटात फोम असतो आणि त्यावर काच-कार्बनच्या धाग्यांचं पातळ कवच. पाणी शिरलं की वजन वाढतं, कवच फोमपासून सुटू लागतं, आणि पायाखालचा भाग मऊ पडतो. त्यांनी हवेचा स्क्रू काढला, टवका मोठा करून सुट्टा फोम खरवडला आणि बोर्ड नाक खाली करून सावलीत उभा केला. उन्हात का नाही, असं मी विचारलं. उन्हाने आतली हवा फुगते आणि सुटलेलं कवच आणखी सुटतं, असं उत्तर मिळालं. फडताळावर रेझिनचे दोन डबे होते. पॉलिएस्टरचा डबा दुसऱ्या बोर्डांसाठी, कारण आमच्या पांढऱ्या फोमला ते रेझिन विरघळवून टाकतं. इथे इपॉक्सीच हवं.

डोलकाठी दोन तुकड्यांची असते, त्यामुळे मोडलेला खालचा तुकडाच बदलायचा होता. पण तो त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा लागतो, कारण प्रत्येक काठीचा बाक वेगळा आणि शीड त्या बाकावर बेतलेलं. तसा तुकडा बेटावर मिळाला नाही.

माझी रजा संपेपर्यंत बोर्ड वाळणार नव्हता. तो शेडमध्येच ठेवून उरलेले दिवस भाड्याच्या बोर्डावर काढले. बोर्डाचं परतीचं विमानभाडं आधीच भरलं होतं. ते परत मिळत नाही, हे विमानतळावर काउंटरवरच्या बाईंनी हसून सांगितलं.